अठरा वर्षे नऊ महिने: मुदतपूर्व सुटकेच्या प्रस्तावात वय कसे मांडावे?

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा मार्च २०११ पासून तुरुंगात आहे. केळीच्या पाण्याच्या बारीवरून दोन घरांत भांडण पेटले, त्यात समोरच्या घरातला कर्ता माणूस गेला, आणि सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये काकासोबत यालाही भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) आणि ३४ (समान इरादा) खाली जन्मठेप दिली. अपीलही फेटाळले गेले. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. त्या दुसऱ्या घरातली लेकरे माझ्याच वर्गात शिकली आहेत.

मार्च २०२५ मध्ये त्याची प्रत्यक्ष चौदा वर्षे भरली, म्हणजे सुटकेआधी किमान तेवढी वर्षे तुरुंगात काढण्याची, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४३३-अ ची, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४७५ ची अट पूर्ण झाली. पात्र बंद्याने अर्ज केला नसला तरी धोरणानुसार शासनाने त्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. तरीही एका कार्यालयात त्याच्या सुटकेचा अहवाल पुढे गेल्याचे सांगतात आणि दुसऱ्यात तो आलाच नाही म्हणतात.

शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून १९९२ आहे. (आमच्या गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनच वाटला होता. बहीण त्याचा जन्म कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे श्रावणातल्या सणाच्या, दिवसांतला सांगते, पण वर्ष तिला आठवत नाही.) अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो हे मला माहीत आहे, परंतु वय ठरवताना शाळेचा दाखला आधी पाहिला जातो आणि ग्रामपंचायतीत नोंद सापडली नाही, म्हणून ती आशा मी सोडली आहे. दाखल्याप्रमाणे घटनेच्या दिवशी तो अठरा वर्षे नऊ महिन्यांचा होता.

कॅलिफोर्नियात अठराखालच्यांसाठी २०१३ च्या कायद्याने सुरू झालेली पॅरोलची (तिथे अटींवर सुटकेची) स्वतंत्र सुनावणी आधी तेवीस वर्षांखालच्यांना आणि २०१८ पासून गुन्ह्याच्या वेळी पंचवीस वर्षांपर्यंत वय असलेल्यांना लागू झाली. वॉशिंग्टन शहरात तर पंचविशीच्या आत गुन्हा घडलेला बंदी पंधरा वर्षे भोगल्यावर शिक्षा कमी करण्यासाठी थेट न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात (२०००) मुदतपूर्व सुटकेसाठी सांगितलेल्या निकषांत पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता आणि कुटुंबाची स्थिती आहे, पण कोवळे वय असा वेगळा निकष नाही.

गेल्या वर्षी तो संचित रजेवर (फर्लोवर) आला होता. शेतात गेला आणि ठिबकच्या नळ्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. पाण्याच्या ज्या दांडावरून सारे घडले तो दांड आता बुजवला आहे. प्रत्येक रजेनंतर तो मुदतीत हजर झाला आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. निकाल २०१३ चा असल्याने मुदतपूर्व सुटकेबाबतची राज्य शासनाची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतील असे मी धरतो, पण काकाच्या सांगण्यावरून गेलेला, वयाने सर्वांत लहान आरोपी नेमक्या कोणत्या प्रवर्गात बसतो? माफी (शिक्षेत मिळालेली सूट) धरून किती वर्षे भोगावी लागतील, ते त्यावरच ठरते. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते तेव्हा वयाचा मुद्दा वेगळ्या निवेदनाने मांडता येतो का, की तो सल्लागार मंडळापुढेच न्यावा? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील अशा कामासाठी मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का?

पुढच्या महिन्यात मी तुरुंगात त्याच्या मुलाखतीला जाणार आहे. त्याच्या सहीसाठी कोणते कागद सोबत न्यावेत, तेही कळवावे.