खारबांधाची जोळ पुन्हा उभी करायची आहे, हिशोब कसा धरावा?

खारेपाटी:
मंडळी, अलिबागच्या खारेपाटातला खाजगी योजनेचा खारबांध (खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध), आत साधारण ६० एकर भातजमीन. उधाणात बांधाला २० फुटांची खांड (भगदाड) गेली आहे. सरकारी दुरुस्तीची वाट न बघता खातेदारांनीच जोळ (सगळ्यांनी मिळून माणसं-पैसा घालून बांध राखायची जुनी रीत) करून ती बांधायचं घाटतंय. माती आणि माणसं किती लागतील? वर्गणी एकरी घ्यावी की घरटी? निम्मे खातेदार मुंबईला असतात.

बांधबंदिस्ती:
आधी तिथी बघा. खांड भांगातच (भरतीचा जोर कमी असतो तेव्हा) बांधायची, अष्टमीच्या आगेमागे तीन-तीन दिवस. पुनव-अवसेच्या उधाणापुढे ताजी माती उभी राहत नाही.

माथा ४ फूट, उंची ६ फूट, खाडीकडचा उतार १:२ आणि शेताकडचा १:१.५ धरला तर छेद ८७ चौरस फूट येतो. २० फुटांना १,७४० घनफूट, म्हणजे जवळपास साडेसतरा ब्रास. चिखलमाती सुकली की बसते, म्हणून चौथाई जास्त घ्या: २२ ब्रास. पाण्याने खांडीत पाडलेला डोह यात धरलेला नाही. तो बांबू घालून वेगळा मापा, बहुतेकांचा अंदाज तिथेच फसतो. चिखलात माणशी रोज अर्धा ब्रास धरला तर ४४ माणसांचं एका दिवसाचं काम. डोहाचं वेगळं.

जुन्या बांधाच्या दोन्ही तोंडांना पायऱ्या काढा, नाहीतर नवी माती जुनीला धरत नाही आणि सांध्यातून झिरपा सुरू होतो. मेढींच्या (लाकडी खांबांच्या) दोन रांगा, मध्ये पेंढा आणि मातीच्या गोणी, दोन्हीकडून मधे यायचं. तोंड अरुंद होत जाईल तसा पाण्याचा जोर वाढतो, म्हणून शेवटचे चार-पाच फूट एकाच ओहोटीत बुजले पाहिजेत. तेवढी माती आधीच काठावर रचून ठेवा. मुरूम नको, त्यातून पाणी पाझरतं. गोणी उघड्या ठेवल्या तर उन्हाने फाटतात, वरून चिखलाचा थर द्या.

माती शेताच्या बाजूने घ्या, पण बांधाच्या पायथ्यापासून १५ फूट तरी सोडून. कांदळवनाला हात लावू नका. उच्च न्यायालयाची मनाई आहेच, शिवाय लाटेचा मार तीच झाडं आधी खातात.

उघाडीवाला:
माती जमेल हो, जोळ मोडते ती पैशांवरून आणि उघाडीवरून (बांधातली झडपेची मोरी, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी). (खारभूमीच्या १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनंतर बांध म्हणजे सरकारचं काम, ही समजूत पक्की झाली, ते वेगळंच.)

वर्गणी एकरीच घ्या. घरटी घेतली तर अर्ध्या एकराचा माणूस पाच एकरवाल्याची शेती राखतो. जो कामाला माणूस पाठवणार नाही त्याने रोजाचे पैसे द्यायचे, आणि रोजाचा दर काम सुरू व्हायच्या आधी बैठकीत ठरवून लिहून ठेवायचा. मुंबईकरांशी तंटा होतो तो नंतर आकडा सांगितला की. वरच्या शेतांत पाणी उशिरा चढतं, तेव्हा "आमचं काय बुडतंय" हे तिकडूनच पहिलं येणार.

दरवर्षीच्या देखभालीला उघाडीवरची मासळी लिलावात द्या. गोव्यात खाजणांच्या (तिथल्या खारजमिनींच्या) मानशीवर, म्हणजे उघाडीवर, हा लिलाव चालतो आणि त्याचा रोगही तिथेच दिसतो: कोळंबी जास्त मिळावी म्हणून ठेकेदार भरतीला झडप उघडी ठेवतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. म्हणून झडपेची किल्ली ठेकेदाराकडे नको. पावसाळाभर मासेमारी फक्त ओहोटीला, आणि अनामत अशी ठेवा की एक हंगाम बुडला तर भरपाई निघेल.

खारेपाटी:
किल्लीचं डोक्यात नव्हतं. यंदा पेरायचं काय? रान तर खारावलंय.

बांधबंदिस्ती:
पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पनवेल-३ हे खारं सोसणारं भाताचं वाण बघा. पण आधी मीठ धुवा: पहिल्या जोरदार पावसाचं पाणी रानात चार-पाच दिवस कोंडा, ओहोटीला उघाडीतून सोडा, असं दोन-तीनदा. मगच लावणी. झडपेखाली लाकूड-प्लास्टिक अडकलेलं नाही ना, हे प्रत्येक वेळी वाकून बघा. बोटभर फट राहिली तरी भरतीला खारं पाणी परत आत येतं.