मंडईला मेट्रो आली, आता रस्ते गाड्यांना बंद करा

शनिपारकर
पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. पिंपरीत बसलेला माणूस आता गाडी न बदलता थेट मंडईत उतरतो. खाली सगळं चकाचक. वर आलं की मात्र दुचाक्यांच्या रांगा, फुटपाथवर मांडलेला माल, आणि शिवाजी रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत. एवढा पैसा ओतून माणसं पेठेत आणली आणि चालायला जागाच ठेवली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मंडई, तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्याचा बाजाराचा पट्टा सकाळी 11 ते रात्री 9 खासगी गाड्यांना बंद करावा. रहिवासी, रुग्णवाहिका आणि दिव्यांगांच्या गाड्यांना मुभा असावी. 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन असतो, तेव्हा उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा रस्ता बंद ठेवतातच. त्या दिवशी लहान पोरं लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध खेळतात. हे रोज का नको? तुमचं काय म्हणणं?

गाळेवाला
दादा, तुम्ही मंडईत फिरायला येता, आमचं पोट तिच्यावर आहे. पाच किलो बटाटे, दोन नारळ आणि केळीचा फणा घेऊन कुठलं गिऱ्हाईक सरकत्या जिन्यावर चढणार आहे? ते गाडीच्या हुकाला पिशवी अडकवून जातं. गाडी बंद झाली की ते कोपऱ्यावरच्या टेम्पोतून भाजी घेईल.

आणि मेट्रो कुणाच्या दारात आली आहे? सिंहगड रस्ता, हडपसर, कोंढवा, यांतलं एक तरी नाव नकाशावर दाखवा. कोथरूडकराला येते, पण त्याला सिव्हिल कोर्टला, म्हणजे जिल्हा न्यायालय स्टेशनात, उन्नत मार्गावरून उतरून जमिनीखाली तेहतीस मीटर जावं लागतं. हातात सामान असेल तर करून बघा.

चिंचवडची_लेक
गाळेवाले काका, आमच्यासारख्यांचाही हिशोब धरा की. माझ्या आईने गुडघ्यांमुळे तुळशीबाग सोडूनच दिली होती. बसमध्ये उभं राहवत नाही आणि रिक्षा परवडत नाही. आता ती लिफ्टने उतरते, बसून येते आणि पितळी समई स्वतः हाताळून, वजन बघून घेते. शनिवार-रविवार तिकिटात तीस टक्के सूट असते, म्हणून मावशीलाही सोबत घेते. स्टेशन ते तुळशीबाग एवढं अंतर चालतानाच तिला खरी भीती वाटते. मागून हॉर्न वाजला की ती दुकानाच्या पायरीला चिकटून उभी राहते. पिंपरी-चिंचवडहून येणारं हे गिऱ्हाईक तुम्हाला नवंच मिळालंय, त्याला सांभाळा.

शनिपारकर
अगदी हेच! गणपतीत संध्याकाळी हेच रस्ते बंद असतात. 2025 च्या विसर्जनाला मेट्रो सलग 41 तास धावली. लाखो माणसं पायी फिरली. म्हणजे इच्छा असली की जमतं.

गाळेवाला
गणपतीचं उदाहरण देऊ नका. तेव्हा लोक देखावे बघायला येतात, भेंडी घ्यायला नाही. त्या दहा दिवसांत संध्याकाळी आमचा गल्ला किती भरतो, ते कधी गाळ्यावर येऊन विचारा. फूलवाले, दूर्वावाले कमावतात, त्यांचं चांगलंच आहे. पण भाजीवाल्याच्या पाटीतली कोथिंबीर तशीच सुकते.

वाड्यातली_सून
दोघांचंही ऐकलं. आम्ही इथे राहतो, आमच्याबद्दल ‘रहिवाशांना मुभा’ या दोन शब्दांत आटोपलंत. वाड्यात पार्किंग नाही, गाडी बोळातच लागते. पास कोण देणार? भाडेकरूला मिळेल का? गॅसवाला, नळवाला, सासूबाईंना तपासायला येणारे डॉक्टर, यांना चौकात कुणाकुणाची परवानगी काढायची?

तरी मला गाड्या कमी व्हायला हव्यातच. धूर आम्ही चोवीस तास खातो. पण सुरुवात बंदीपासून नको. आधी स्टेशनच्या दारापासून तुळशीबागेपर्यंतचा फुटपाथ मोकळा करा. पेठांसाठी 2021 मध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ बस सुरू केली होती, तशा छोट्या बस मेट्रोच्या वेळेला जोडा. मग रस्ते बंद करा.

शनिपारकर
ताई, पासचा मुद्दा बिनतोड आहे. भाडेकरूलाही तो मिळायलाच हवा. पण ‘आधी हे, मग ते’ म्हणत बसलो तर बंदी कधीच येत नाही. आठवड्यातून फक्त रविवारी सुरू करू. गाळेवाले, घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तरी 1886 ची ही मंडई टिकली. दुचाकी शंभर पावलं लांब लावल्याने ती बुडणार नाही.

गाळेवाला
रविवारच आमचा धंद्याचा वार आहे, दादा! सुरुवात करायचीच तर मंगळवार-बुधवारी करा. मालाच्या गाडीला दुपारी एक तास आत सोडा आणि स्वारगेटहून भाजीच्या पिशव्या चढू देतील अशी बस ठेवा. एवढं लेखी द्या, मी बाकीच्या गाळेवाल्यांशी बोलतो. रविवारला मात्र माझा विरोधच राहील.