‘पुनरावृत्ती’ की ‘वारंवारता’? टपलमधील मोजणीचा शब्द

प्रश्न : पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील टपलवर (क्रमाने मांडलेल्या, बदलता न येणाऱ्या मूल्यांच्या यादीवर) मी एक टिपण लिहीत आहे. (४, ७, ४, ९, ४) या टपलवर ‘काउंट’ ही पद्धत ४ साठी वापरली की उत्तर ३ येते. या ३ ला मी ‘४ ची पुनरावृत्ती’ म्हटले आहे. हा शब्द योग्य आहे का? तसेच ‘इम्यूटेबल’साठी ‘अपरिवर्तित’ चालेल का?

उत्तर : ‘पुनरावृत्ती’ने येथे एकाचा फरक पडतो. पहिल्यांदा जे येते ते ‘पुन्हा’ आलेले नसते. म्हणून वरच्या टपलमध्ये ४ तीनदा आला असला, तरी त्याच्या पुनरावृत्ती दोनच झाल्या. ९ ची तर एकही नाही, आणि काउंट मात्र १ सांगतो. शाळेत ताळ्याच्या खुणा करून आपण जी वारंवारता सारणी मांडत होतो, तिचाच अवतार म्हणजे पायथनमधील ‘काउंटर’. तो एकाच फेरीत सगळ्या मूल्यांची मोजदाद करतो, तर काउंटला प्रत्येक मूल्यासाठी पूर्ण टपल नव्याने चाळावे लागते. तेव्हा सांख्यिकीत रुळलेला ‘वारंवारता’ हाच शब्द घ्यावा. एकाच मूल्याबद्दल लिहिताना मात्र मी नामाच्या मागे लागणार नाही. ‘४ तीन वेळा आढळतो’ हे साधे वाक्य पुरेसे आहे.

‘अपरिवर्तित’ म्हणजे ज्यात बदल झालेला नाही, आणि ‘अपरिवर्तनीय’ म्हणजे ज्यात बदल करता येत नाही. लिस्टला (टपलसारखीच, पण बदलता येणारी यादी) कोणी हात लावला नाही, तर तीही अपरिवर्तित राहतेच. म्हणून ती काही टपल ठरत नाही. आपल्याला ‘अपरिवर्तनीय’ हवा आहे.

पुरवणी : ‘४ आढळतो’ या वाक्यालाही एक फट आहे. (१, ट्रू, १.०) या टपलमध्ये (‘ट्रू’ म्हणजे पायथनमधील ‘सत्य’ हे मूल्य) १ मोजला तर उत्तर ३ येते, कारण काउंट समानता तपासतो आणि पायथनच्या लेखी ही तिन्ही मूल्ये समान आहेत. मराठीत ‘तोच’ आणि ‘तेवढाच’ यांत जो भेद आहे, तो येथे नेमका उपयोगी पडतो : काउंट ‘तेवढाच’ शोधतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वाक्य बदलून ‘४ शी समान असलेले घटक या अपरिवर्तनीय टपलमध्ये तीन आहेत’ असे केले आहे.