घरचा कारभार: भिंतीवरचं कॅलेंडर की फोन?

निळीशाई
माझं मत आधीच सांगून टाकते. काम एकट्याचं असेल तर फोन, घराचं असेल तर भिंत.

कालनिर्णय १९७३ पासून निघतंय. घरात आणतात ते तिथी-सण बघायला, आणि होते त्याची हिशेबाची वही. दूध जास्त घेतलं की त्या चौकटीत 'अर्धा जादा', कामाच्या ताईंचा खाडा झाला की फुली, नवा सिलिंडर लावला त्या दिवशी 'गॅस'. महिनाअखेरीला दूधवाला दारात येतो तेव्हा तो आणि आपण एकाच पानाकडे बघून बोलतो. फुली ताईंच्या डोळ्यांसमोर असते, पटली नाही तर त्या तिथल्या तिथे भांडू शकतात. हेच माझ्या फोनमध्ये असतं तर ती फक्त माझी नोंद, समोरच्याने मुकाट मान्य करायची. शिवाय उद्या पाणी येणार नाही हे शाळेतून आलेल्या पोराला किंवा सासूबाईंना माझा फोन न मागता कळतं. फोनवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

हिशेबनीस
देतो. भिंत वाजत नाही.

एलआयसीचा वार्षिक हप्ता राहिला तर ३० दिवसांची मुदत मिळते, मासिक असेल तर १५ दिवसांचीच. चौकटीत 'विमा' लिहिलंय, पण पान उलटायचंच राहिलं तर? आणि 'फक्त माझी नोंद' कशाला? गुगल कॅलेंडर २००६ पासून आहे. 'घर' नावाचं एक कॅलेंडर करा, सगळ्यांना त्यात घ्या. पाण्याच्या फिल्टरचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं ते मी दोन अक्षरं टाइप करून सांगतो. तुमचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर एव्हाना पोरांच्या वह्यांना कव्हर झालं असेल.

निळीशाई
आमच्याकडे जुनी कॅलेंडरं त्याच खिळ्यावर मागे असतात. आणि दूधवाल्यालाही घेणार का तुमच्या 'घर' कॅलेंडरमध्ये?

सायंतारा
निळीशाई, दूधवाल्याचा मुद्दा मान्य. पण एक विचारते, त्या चौकटींत लिहितं कोण? मी ज्या ज्या घरात असं कॅलेंडर पाहिलंय तिथे अक्षर एकाच बाईचं असतं. बाकीचे फार तर लाल तारखा बघतात, सुट्टी शनिवारला जोडून आली का एवढ्यापुरत्या. भिंत सगळ्यांची, पेन मात्र एकीचंच. 'गॅस संपत आलाय' हे तिनेच लिहायचं, तिनेच वाचायचं, तिनेच बुक करायचं.

आमच्याकडे कामांची यादी फोनवर आहे आणि प्रत्येक कामापुढे नाव आहे. सिलिंडरची आठवण नवऱ्याच्या फोनवर वाजते, माझ्या नाही. 'मला कुठे माहीत होतं' हे वाक्य घरातून हद्दपार झालंय. कागदावर हे जमलं नसतं असं नाही, पण कागद कुणाच्या मागे लागत नाही.

टाकबोरू
मागे लागणारं अ‍ॅप उद्या असेलच याची खात्री काय? वंडरलिस्ट कामांच्या याद्यांसाठी लोकांचं लाडकं होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं, मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकटवाल्यांना ५० नोंदींची मर्यादा घातली. माझी डायरी बंद करायचा निर्णय कुठल्या कंपनीच्या बैठकीत होत नाही. शिवाय हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं हे संशोधनाने सिद्ध झालंय. म्युलर आणि ओपनहायमर, २०१४.

कुंपण
सिद्धबिद्ध काही नाही. तो प्रयोग व्याख्यानाच्या नोट्स हाताने काढाव्यात की लॅपटॉपवर, याबद्दलचा होता. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा हाताने लिहिणाऱ्यांना शिकण्यात तसा फायदा दिसला नाही. आणि किराण्याची यादी डोक्यात ठेवायचीच असेल तर लिहायची कशाला?

वंडरलिस्टच्या याद्या बंद होण्याआधी मायक्रोसॉफ्टच्याच टू-डूमध्ये नेता येत होत्या, तेही सांगा की. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कालिन्यात तळमजल्यावर राहायचो. डायऱ्या, पावत्या, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा. कागदाच्या टिकाऊपणावरची भाषणं मला ऐकवू नका.

माजघर
कुंपण, पुराचं पटलं. तरी एक कागद घरात हवाच. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अचानक गेले. खाती, एफडी, पॉलिसी, सगळ्याची यादी अगदी व्यवस्थित, पण त्यांच्या फोनमध्ये. फोन कुलूपबंद, काकूंना पॅटर्न माहीत नाही. कुठल्या बँकेत जायचं इथपासून सुरुवात होती. बँकेचं नाव, शाखा, पॉलिसी नंबर, नॉमिनी कोण, एवढं एका पानावर लिहून कपाटात ठेवा. पिन आणि पासवर्ड त्यावर लिहू नका. ज्यांचा फोन फार नीटनेटका असतो त्यांच्याच घरात हा कागद सापडत नाही, असं माझं निरीक्षण.

हिशेबनीस
हे मान्य. पण तो कागद वर्षातून एकदा ताजा करायची आठवण फोनच देणार :)

परदेशीपाटील
न्यू जर्सीतून. माझी अडचण दोन्ही पक्षांत बसत नाही. बाबांचं श्राद्ध तिथीने करतो. फोनला 'दरवर्षी' म्हटलं की तो इंग्रजी तारीख धरतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, तेव्हा फोनमधल्या तारखेला काही अर्थच उरला नव्हता.

बरं, भारतातून कॅलेंडर मागवलं तर तेही इथे तंतोतंत लागू नाही. साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, तिथी सूर्योदयाला कुठली ते बघायचं, त्यामुळे एकादशी कधीकधी इथे एक दिवस अलीकडे येते. संकष्टीच्या चंद्रोदयाचं तर बोलायलाच नको, तो महाराष्ट्रातल्या शहराशहरांतही वेगळा. स्थळ निवडू देणारं पंचांगाचं अ‍ॅप वापरतो, पण ते आठ दिवस आधी आठवण करत नाही.

टाकबोरू
म्हणजे दोन्ही नापास. मग आठवण कोण करतं?

परदेशीपाटील
पुण्याहून बहिणीचा फोन येतो.

सायंतारा
बघा, पेन पुन्हा कुणाच्या हातात.

हिशेबनीस
पाटील, 'दरवर्षी' लावूच नका. त्याच अ‍ॅपमध्ये न्यू जर्सी निवडून पुढच्या पाच वर्षांच्या तारखा काढा आणि पाच वेगळ्या नोंदी करा, प्रत्येकीला आठ दिवस आधीची घंटा. अधिक महिन्याच्या वर्षी कुठला महिना धरायचा ते गुरुजींना विचारून घ्या, त्यात घराघराची रीत वेगळी असते. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासाचं काम.

परदेशीपाटील
या शनिवारी बसतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तिथूनच सुरुवात करतो.