मे महिन्यात बंद घरात टिकेल असं झाड कोणतं?

नागपूरला मनीषनगरात तिसऱ्या माळ्यावर भाड्यानं राहतो. हॉलला खिडकी एकच, उत्तरेची, त्यातही उन्हाळाभर कूलर. ऊन आत येतच नाही. मे मध्ये दोन-तीन हप्ते गावाला जातो, तेव्हा पाणी घालायला कोणी नाही. काही टिकेल का? प्लास्टिकचं सांगू नका, ते आईनं सांगून झालंय.

संत्रानगरी:
झीझी प्लांट घे भाऊ डोळे मिटून. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात त्यात पाणी साठवून ठेवते, तीन हप्ते काही होत नाही तिला. कमी उजेडात चालते, वाढ मात्र हळू, चार-सहा महिने नवी फांदी नाही आली तर घाबरू नको.

धरमपेठी_काकू:
झीझी बरोबर, पण ती सुकून नाही मरत रे, लोक पाणी पाजून पाजून मारतात. माती आधी पाहून घे. आपली काळी माती ओली झाली की पाणी सोडत नाही आणि पूर्ण सुकली की आकसून कुंडीच्या कडेनं फट पडते, मग वरून कितीही घाला, पाणी त्या फटीतून सरळ खाली, मुळं कोरडीच! निम्मी माती, निम्मी जाडी रेती अन् विटांचा चुरा. कुंडीला भोक पाहिजेच. बोट खुपसून खालपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी.

खसची_ताटी:
कूलरच्या तोंडासमोर ठेवू नको. हवा ओली असते, कुंडी सुकतच नाही, मुळं सडतात. कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणीही झाडाला नको, पाणी उडून जाते अन् क्षार मागे राहतात, कूलरच्या गवताच्या ताटीवर पांढरा थर जमून राहतो ना, तोच. बोअरचं पाणी असेल तर अजूनच.

मूळ प्रश्नकर्ता:
घरी मांजर आहे, सगळं चावून पाहते. चालेल?

धरमपेठी_काकू:
मग झीझी नको बाप्पा. झीझी, मनी प्लांट दोन्हीत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, तोंडाची आग होते, लाळ गळते. स्नेक प्लांटनं उलट्या होतात. स्पायडर प्लांट घे, मांजराला विषारी नाही, मुळं जाड असतात म्हणून थोडे दिवस तगते. पण तीन हप्ते मे मध्ये बंद घरात, त्याची गॅरंटी मी नाही देत. तू गावाला गेलास की मांजर कुठं असते?

मूळ प्रश्नकर्ता:
ताईकडे, प्रतापनगरला.

संत्रानगरी:
मग कुंडीही तिकडंच टाकून दे ना भाऊ, एवढा विचार काहून करून राहिला 😄