मदत हवी आहे : गाडीचा धक्का लागलेली भाटी (मादी मांजर) मागचे पाय ओढते आहे (सातारा)

अंगणवेल

आमच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्या भाटीला परवा रात्री गाडीचा धक्का लागला. माहिती एकत्र देते, म्हणजे उलटतपासणीत वेळ जाणार नाही.

वय अंदाजे दीड-दोन वर्षं, वजन २.६ किलो. मागचे दोन्ही पाय ओढते, पुढचे ठीक. शेपूट मुळापासून लुळी. हिरड्या गुलाबी. झोपेत श्वास मिनिटाला २८. उजव्या मांडीवर नाण्याएवढी जखम. गावातल्या डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि एक्सरे काढायला सांगितला. त्यांच्याकडे मशीन नाही. थोडी उकडलेली कोंबडी खाते, पाणी पिते. अंथरूण सारखं ओलं असतं, त्यामुळे लघवीची काळजी नाही. शी झालेली नाही.

प्रश्न :
१. पायाला घरी पट्टी किंवा खपची बांधावी का?
२. शेजारचे म्हणतात जखमेत कापूर आणि खोबरेल भरा, अळ्या पडणार नाहीत. चालेल?
३. संध्याकाळी विव्हळते. तापाच्या गोळीचा पाव तुकडा देऊ का?
४. एक्सरे कुठे मिळेल? थांबलं तर चालेल का?

वाघाची_मावशी

चारही प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या मजकुरातली सगळ्यात धोक्याची ओळ तुम्ही 'काळजी नाही' म्हणून सोडून दिली आहे.

शेपूट लुळी आणि अंथरूण सारखं ओलं, हे दोन्ही एकत्र दिसलं की मूत्राशय तुंबलंय असंच धरायचं. शेपटीच्या मुळाशी मणका निखळला की शेपटीच्या नसांबरोबर मूत्राशयाच्या आणि गुदद्वाराच्या नसाही ताणल्या जातात. मूत्राशय आपोआप आकसत नाही, भरत राहतं आणि काठोकाठ झालं की थेंब थेंब बाहेर सांडतं. ती लघवी नव्हे, ओघळ आहे. धड लघवी करणारी मांजर एकदम भरपूर करते आणि मधले काही तास कोरडी असते.

आजच्या आज कुठल्याही पशुवैद्याकडून मूत्राशय रिकामं करून घ्या, त्याला एक्सरे लागत नाही. इतकं तट्ट भरलेलं मूत्राशय पहिल्यांदा घरी दाबायचं नाही, फुटू शकतं. तुंबलेल्या लघवीतलं पोटॅशियम रक्तात चढलं की हृदय बंद पडतं. हाड चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

आता गोळी. पॅरासिटामॉलचा पाव काय, कणही नको. ते निकामी करायची यंत्रणा मांजरीच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात, तोंड सुजतं आणि मांजर जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलंही काही घरच्या डब्यातून नको. मांजरीला चालणारी वेदनाशामकं आहेत, पण अंगात पाणी कमी असताना त्यांतली काही मूत्रपिंडावर जातात. म्हणून डोस डॉक्टरच ठरवतील. इथे कुणी मिलिग्रॅम सांगितले तरी देऊ नका.

खुंटीवरचा

मावशींना अनुमोदन. बाकीचं मी घेतो.

खपची नको. मागचे दोन्ही पाय एकदम गेलेत म्हणजे गडबड पायात नसून खुब्यात किंवा कण्यात असणार. पायाला बांधलेलं वजन मोडलेला खुबा आणखी ओढतं.

कापूर तर अजिबात नको. तो जखमेतून शोषला जातो, शिवाय मांजर चाटणारच, आणि त्याने झटके येतात. टर्पेंटाइन, फिनेल, डेटॉलसारखी जंतुनाशकं हीही त्याच यादीत. हळदीचा थर दिला की खाली पू झालाय की नाही ते दिसतच नाही. जखमेभोवतीचे केस कापा, नॉर्मल सलाईन २० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने जोरात मारून धुवा, मग १० टक्के पोव्हिडोन आयोडीन एक भागाला नऊ भाग सलाईन मिसळून लावा. जखमेच्या काठावर तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली तर बारीक फणीने तेव्हाच काढा. गरमीत अळ्या व्हायला एक दिवस पुरतो. गाई-म्हशींच्या जखमेवर मारायचे स्प्रे आणि कुत्र्यांची परमेथ्रिनवाली गोचीड-औषधं मांजरीला विष आहेत.

एक्सरेसाठी शिरवळ. खंबाटकी घाट ओलांडला की क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडून दवाखाना आहे. वेळ फोन करून विचारा. खुब्याचे दोन बाजूंनी एक्सरे आणि छातीचा एक, असे तीन मागा. धडकेत कधीकधी छाती-पोटामधला पडदा फाटून आतडी छातीत चढलेली असतात आणि मांजर दोन दिवस बरी दिसते. वाटेत तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ती आणीबाणी समजा. मांजर कुत्र्यासारखी उगाच धापत नाही.

नेताना बखोट धरून उचलू नका. जाड टॉवेल अंगाखाली सरकवून स्ट्रेचरसारखी उचला. झाकण वरून उघडणारा कॅरिअर नसेल तर फळांचे प्लास्टिकचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून केबल टायने बांधा आणि वरून चादर टाका. अंधारात मांजर शांत राहते.

अंगणवेल

खूप आभार. इथल्याच डॉक्टरांनी रात्री नळी घालून ११० मिली लघवी काढली. लालसर होती. आज शिरवळला एक्सरे झाले. छाती ठीक. खुब्याचं डावं हाड मोडलंय, पण फार सरकलेलं नाही. खुब्याची वाटी (मांडीचं हाड बसतं ती खोबण) शाबूत. शेपटीच्या मुळाशी सांधा निखळलाय. चिमटा काढल्यावर मागच्या दोन्ही पायांना वेदना कळते, शेपटीला नाही. मूत्राशय दाबून रिकामं करायला दाखवलंय, पण घरी मला ते हाताला लागतच नाही. ऑपरेशन करायचं की पिंजऱ्यात ठेवायचं ते चार दिवसांत सांगा म्हणाले. आणि टॉवेलमध्ये घेताना तिने मनगटावर ओरखडलं, थोडं रक्त आलं.

खुंटीवरचा

मांजर नंतर, आधी मनगट. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. उशीर झाला असला तरी धुवा. आजच सरकारी रुग्णालयात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. दंडात घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. कातडीत घेतली तर ०, ३, ७, २८. रक्त आलंय म्हणजे तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी, त्यामुळे इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (लसीसोबत द्यायची तयार प्रतिपिंडं) स्वतःहून विचारा. 'दहा दिवस मांजर बघू, मग ठरवू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लस सुरू करून मग बघत बसायचं. धनुर्वाताचंही विचारा.

वाघाची_मावशी

पायांना वेदना कळते ही चांगली बातमी. पाय नुसता मागे घेतला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. मान वळवून बघितलं किंवा ओरडली तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली म्हणायची.

मूत्राशय हाताला लागत नाही याचं कारण बहुतेक हे, की तुम्ही फार मागे शोधता आहात. मांजरीला उभ्यासारखी धरा किंवा उजव्या कुशीवर झोपवा, तोंड तुमच्यापासून लांब. एका हाताचा अंगठा पोटाच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मागच्या मांडीच्या जरा पुढे. बोटं सपाट ठेवा, टोकं रुतवू नका. पुढून मागे हलकेच सरकवत न्या. लिंबाएवढी, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी गुळगुळीत गोळी निसटते, ती मूत्राशय. कडक आणि ओळीने लागतात ते शीचे खडे. सापडलं की दोन्ही बाजूंनी सारखा दाब हळूहळू वाढवत शेपटीकडे ढकला आणि तसाच धरून ठेवा. पहिले काही सेकंद काहीच येत नाही, तिथेच बहुतेकजण हात सोडतात. धार सुरू झाली की ती तुटेपर्यंत दाब कायम ठेवा. झटके द्यायचे नाहीत. पोट दगडासारखं घट्ट केलं तर थांबा, पाच मिनिटांनी पुन्हा करा. दोनदा जमलं नाही तर दवाखाना. भाटी आहे हे तुमचं नशीब, बोक्याची वाट अरुंद असते आणि दाबणं बरंच अवघड जातं.

दर आठ तासांनी करायचं. २.६ किलोच्या मांजरीची दिवसाची लघवी साधारण ५० ते १०० मिली, म्हणजे एका वेळी १७ ते ३५ च्या आसपास निघायला हवी. लघवी शोषणारं पॅड (कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते) किचनच्या काट्यावर आधी आणि नंतर तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरा. पहिले दोन दिवस लालसर चालेल. गढूळ झाली किंवा घाण वास आला तर संसर्ग. त्याच दिवशी नमुना द्या. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा, नाहीतर लघवीने कातडी सोलवटते.

चौकटराणी

ऑपरेशनबद्दल : वाटी शाबूत, हाड फार सरकलेलं नाही, वेदना कळते. अशा मांजरी पिंजऱ्यातल्या विश्रांतीवर छान चालायला लागतात. निर्णय मात्र लांबवू नका. सात ते दहा दिवसांनंतर स्नायू आखडतात आणि हाड जिथे आहे तिथेच जुळायला लागतं, मग शस्त्रक्रिया नुसती अवघड होते. हाड आत ढकललं जाऊन खुब्याच्या हाडांमधली पोकळी, जिथून शी बाहेर येते ती, अरुंद झालीय का, एवढं एक्सरे बघून नक्की विचारा. झाली असेल तर आयुष्यभर शी अडकते.

पिंजरा अडीच बाय दोन फूट पुरे. उंची कमी असलेलीच बरी, उडी मारायला जागा नको. चार ते सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात ती धडधाकट दिसायला लागेल आणि घरातलं कुणीतरी 'सोडूया की आता' म्हणेल. नेमकं तेव्हाच मोडतं. मातीच्या ट्रेऐवजी दोन इंची काठाचं ताट, त्यात कागदाच्या पट्ट्या. माती जखमेला चिकटते.

खाणं : बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेचा हिशोब ३० गुणिले वजन अधिक ७०, म्हणजे हिला सुमारे १५० कॅलरी. बिनमिठाची, कांदा-लसूण नसलेली उकडलेली कोंबडी साधारण ९० ग्रॅम. आज अर्धं, उद्या पाऊण, परवा पूर्ण, चार-पाच वेळा विभागून, कोमट करून. पण आठवडेच्या आठवडे नुसती कोंबडी नको, हाड जुळायला कॅल्शियम लागतं. हळूहळू मांजराच्या पिल्लांच्या तयार खाण्यावर आणा. दूध नाही. जुलाब झाले तर त्या अंगाला पुसणार किती वेळा?

शी तीन दिवस नसेल तर डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज (शी मऊ करणारं पातळ औषध). औषधाच्या दुकानात मिळणारा सोडियम फॉस्फेटचा एनिमा मांजरीला कधीच द्यायचा नाही, जीव जातो.

घरात दुसऱ्या मांजरी असतील तर १४ दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी.

खुंटीवरचा

शेपटीचं राहिलं. लोंबणारी शेपूट लवकर काढावी, तिचं वजन उरलेल्या नसांना ओढतं, असं माझं मत.

चौकटराणी

मी थांबेन. भूल द्यायची ती मूत्राशय रोज नीट रिकामं व्हायला लागून अंग जरा सुधारल्यावर. तोवर शेपूट मऊ पट्टीने आणि कापसाने पाठीवर वळवून सैल बांधली की ओढ कमी होते, घाणही लागत नाही. शेपटीच्या मुळाशी वेदना परत येते का हे दर आठवड्याला बघा. येत असेल तर लघवीचा ताबा परत यायची शक्यता बरीच वाढते. महिनाभरात काहीच बदल नसेल तर मग ताबा परत येणं कठीण असतं. तशी मांजर परत पार्किंगमध्ये सोडता येत नाही, तेव्हा कायमच्या घराचा शोध आत्तापासून.

अंगणवेल

लस घेतली, इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. मूत्राशय सापडलं! खरंच पुढे होतं. सकाळी दाबून ३४ ग्रॅम, दुपारी २९. पिंजरा मिळालाय, पिंजऱ्यावरच ठेवायचं ठरवलंय. नोंदींसाठी वही केली आहे.

वाघाची_मावशी

उत्तम. वहीत दोन रकाने करा. दाबायच्या आधी पॅडवर आपोआप किती पडलं होतं तो एक, दाबून किती निघालं तो दुसरा. दुसरा आकडा उतरत जाऊन पहिला एकाच जागी, एकाच डबक्यात दिसायला लागला तर ती स्वतः करायला लागली. दुसरा सलग दोन दिवस पाच मिलीच्या आत आला की दाबणं दिवसातून दोनदावर आणा. एकदम बंद करू नका.