अर्धाच झालेला सामना आणि त्या पोरांचं हुकलेलं वर्ष

जर्सीकर_बापू
बिग ईस्ट ही अमेरिकेतली एक कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचा गट. कोरोनामुळे थांबलेल्या तिच्या बास्केटबॉल स्पर्धेबद्दल काल इथे एका सभासदाने लिहिलं : "२०२०ची बिग ईस्ट स्पर्धा अर्ध्यावर थांबली म्हणून अजून गळे काढणाऱ्यांची कीव येते. माणसं मरत होती. कॉलेजची पोरं आहेत, पुढच्या वर्षी खेळतील." तीन ओळींची पोस्ट, पण रात्रभर डोक्यातून गेली नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

"पुढच्या वर्षी खेळतील" म्हणणाऱ्याला कॉलेजचा खेळ ठाऊक नाही. चार हंगाम मिळतात, आणि चौथ्या वर्षाच्या मुलाला पुढचं वर्ष नसतं. सीटन हॉलचा माइल्स पॉवेल बघा. त्या वर्षीचा कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. त्याचा संघ, क्रेटन आणि विलानोव्हा, तिघेही १३ विजय, ५ पराभवांवर बरोबरीत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची पाळी स्पर्धा थांबली त्याच गुरुवारी होती. आलीच नाही. माझ्या दारातलं रटगर्स विद्यापीठ १९९१नंतर पहिल्यांदा मार्चच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत जाणार हे जवळपास नक्की होतं. इंडियानापोलिसला त्यांच्या बिग टेन कॉन्फरन्सच्या स्पर्धेत, मिशिगनविरुद्धच्या सामन्याआधी सराव करता करता त्यांना मैदानावरून आत बोलावलं. मी ऑफिसात स्क्रीन उघडून बसलो होतो. बॉल रॅकवर परत ठेवताना दिसले आणि मला कळलं.

सामना थांबवला त्याबद्दल माझी तक्रार नाही, थांबवायलाच हवा होता. राग दोन गोष्टींचा आहे. १२ मार्चला दुपारी बारा वाजता सेंट जॉन्स आणि क्रेटनला मैदानावर उतरवलंच का? आणि उतरवलं, मधल्या सुट्टीत ३८–३५वर सगळं गुंडाळलं, तर पुढे त्या मुलांना वाऱ्यावर का सोडलं?

स्पष्टवक्ती
बापू, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझा पूर्ण पाठिंबा. दुसऱ्यावर माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा करू नका.

मी क्वीन्समधल्या एका रुग्णालयात श्वसनोपचाराचं काम करते. शिकले सेंट जॉन्समध्ये. बुधवारी ११ तारखेला, सुट्टी होती म्हणून, मी गार्डनमध्ये होते. आम्ही जॉर्जटाउनला हरवलं. शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली. घरी येताना ट्रेनमध्ये फोन उघडला तर जागतिक साथ जाहीर झालेली, एनबीए या व्यावसायिक लीगचा खेळाडू रूडी गोबेर पॉझिटिव्ह, लीग बंद. मी त्या मिठीचाच विचार करत घरी आले. दोन आठवड्यांनी आमच्या मागच्या दाराला मृतदेहांसाठी शीतगृहाचा ट्रक लागला होता. एका पाळीत मी किती जणांच्या घशात श्वासाच्या नळ्या घातल्या ते मोजायचं सोडून दिलं होतं. त्यानंतर मला कुणी ३८–३५चं दुःख सांगितलं की हात थरथरतात. कालची पोस्ट उद्धट होती, पण खोटी नव्हती.

आकडेमोड
तारखा समोर ठेवू या. ७ मार्चला न्यूयॉर्क राज्यात आणीबाणी. १० मार्चला न्यू रोशेल या उपनगरात साथीचं प्रतिबंधित वर्तुळ आखलं, गार्डनपासून ते किती जवळ आहे हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्याच दिवशी आयव्ही लीग या दुसऱ्या कॉन्फरन्सने आपली स्पर्धा रद्द केली, आणि खेळाडूंनीच निर्णय फिरवा म्हणून सह्या गोळा केल्या. ११ला रात्री नेब्रास्काचा प्रशिक्षक फ्रेड हॉयबर्ग बाकावर आजारी दिसत होता, रुग्णालयात नेलं. फ्लू निघाला, पण तोवर अख्खा संघ लॉकर रूममध्ये कोंडलेला. १२ला सकाळी बिग टेनने बारा वाजायच्या आत स्पर्धा रद्द केली. हे सगळं माहीत असताना बिग ईस्टने मोजक्या लोकांपुढे टिपऑफ केला, म्हणजे सामना सुरू केला. याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

ओमाहाचा_विदर्भी
आता तुम्ही सगळे शहाणे झालात! त्या सकाळी कुणाला काय माहीत होतं? मी तेव्हा ओमाहात होतो, एमएस करत होतो, खोलीत सहा जण क्रेटनच्या निळ्या टीशर्टात बसलेलो. कॉन्फरन्सच्या तेव्हाच्या कमिशनर व्हॅल अकरमनबाईंना शिव्या घालणं सोपं आहे. पण अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सवाल्यांनी काय केलं? ग्रीन्सबरोत फ्लोरिडा स्टेटला न खेळताच मैदानात बोलावून करंडक हातात दिला. मुलं तो धरून कशी उभी होती ते आठवतं का? आनंदाचा लवलेश नाही. त्यापेक्षा आमच्या पोरांनी निदान वीस मिनिटं तरी घाम गाळला.

आकडेमोड
ती वीस मिनिटं कुठे आहेत, सांगता? क्रेटनचा हंगाम २४–७ म्हणून नोंदला, सेंट जॉन्सचा १७–१५. तो अर्धा सामना धरलेलाच नाही. धोका खरा घेतला आणि हिशोबात शून्य.

फातोर्डेकर
हे फक्त अमेरिकेतच झालं असं बोलू नका. १४ मार्चला इथे गोव्यात फातोर्ड्याला आयएसएल फुटबॉलची फायनल रिकाम्या मैदानात झाली. एटीकेने चेन्नईयिनला ३–१ हरवलं. माझं घर स्टेडियमला लागून. एरवी सामना असला की बाल्कनीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्या रात्री पंचाची शिट्टी आणि गोलरक्षकाची ओरड स्पष्ट ऐकू येत होती. राजकोटला रणजी फायनलचा शेवटचा दिवस, १३ तारीख, तोही प्रेक्षकांविना. सौराष्ट्राने पहिल्या डावाच्या आघाडीवर पहिल्यांदा करंडक जिंकला. म्हणजे आपण पूर्ण केलं, त्यांनी अर्ध्यावर सोडलं. पूर्ण करता आलं असतं.

स्पष्टवक्ती
फातोर्डेकर, रिकाम्या मैदानातही खेळाडू एकमेकांच्या अंगावरच श्वास सोडतात. त्या आठवड्यात न्यूयॉर्क आणि राजकोट एका पायरीवर नव्हते. आमच्याकडे विषाणू आधीच घराघरांत शिरलेला होता. त्याच दुपारी पाचशेहून जास्त माणसं जमवायला बंदी जाहीर झाली, ब्रॉडवे बंद झालं. "पूर्ण करता आलं असतं" हे वाक्य कृपा करून परत घ्या.

फातोर्डेकर
न्यूयॉर्कपुरतं घेतो परत. तेवढंच.

चढाईपटू_सांगली
मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. बास्केटबॉल मला कळत नाही. पण बापूकाकांचा दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे.

२०१९–२०ला मी विद्यापीठाच्या कबड्डी संघात राखीव होतो, डावा कोपरा. आमचा कर्णधार पास होऊन जाणार होता, पुढच्या वर्षी जागा माझी हे ठरलेलं. उन्हाळाभर गच्चीवर बैठका मारल्या, गावातली मॅट बंद म्हणून शेतात भुसभुशीत माती करून पकड घोटली. पुढच्या वर्षी संघच निघाला नाही. मी पास झालो, हातात राखीव खेळाडूचा कागद. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला पदकाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज भरायला गेलो तर खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "पदक कुठंय?" मी म्हणालो, स्पर्धाच झाली नाही. तो म्हणाला, "मग झाली नाही ना."

ओमाहाचा_विदर्भी
भावा, वाईट वाटलं. पण इथे विषय वेगळा आहे.

जर्सीकर_बापू
विषय वेगळा कुठे आहे? अगदी हाच आहे. ३० मार्च २०२०ला एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेने, ठरवलं की वसंत ऋतूतल्या खेळाडूंना, म्हणजे बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक वगैरे, एक वर्ष जादा मिळेल. हिवाळ्यातल्यांना नाही, कारण त्यांचा हंगाम "झालाच होता" म्हणे! ज्या स्पर्धेसाठी अख्खा हंगाम खेळायचा तीच कापली, वर म्हणायचं हंगाम झाला. सांगलीच्या मुलाला त्या खिडकीवर मिळालेलं उत्तर आणि हे उत्तर यात काय फरक आहे?

आकडेमोड
व्यवहार बघा. शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्या. जुने थांबले तर नव्या मुलांना कुठे बसवायचं? आणि पैसा आटला होता. एनसीएए कॉलेजांना ६० कोटी डॉलर वाटणार होती, वाटले २२.५ कोटी.

जर्सीकर_बापू
मग पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांना सरसकट जादा वर्ष दिलं तेव्हा जागा कुठून आल्या? २०२१ला अख्खी मोठी स्पर्धा इंडियानात भरवली तेव्हा पैसा कुठून आला? हे खेळाडू तेव्हा स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवू शकत नव्हते, ती परवानगी १ जुलै २०२१ला मिळाली. २०२०च्या चौथ्या वर्षाच्या मुलांना ना ते वर्ष, ना ही कमाई. दोन दारांच्या मधोमध सापडलेली ती एकच तुकडी आहे.

आकडेमोड
सरसकट वर्षाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ओमाहाचा_विदर्भी
आणि मुलींचं कुणीच बोलत नाही. ओरेगन विद्यापीठाची सब्रिना आयनेस्क्यू २०१९ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, जाऊ शकत होती. ओरेगनला विजेतेपद मिळवून द्यायचं म्हणून चौथं वर्ष थांबली. कॉलेजात २००० गुण, १००० रिबाउंड, १००० असिस्ट. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि ज्यासाठी थांबली ती स्पर्धाच झाली नाही. साउथ कॅरोलायनाच्या मुली ३२–१वर होत्या. हे बोलताना बापू तुमच्याच बाजूला जाऊन पडतोय, माझा नाइलाज आहे.

चढाईपटू_सांगली
मला एक विचारायचंय. त्या खिडकीवरच्या माणसाला नियम बदलता येत नव्हता हे मला कळतं. पण "स्पर्धा झाली नाही" एवढं लिहिलेला एखादा कागद विद्यापीठाने दिला असता तरी मी पुढे भांडलो असतो. तोही मिळाला नाही. तीन चकरा मारल्या. आता एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवतो. माझ्या संघातल्या पोरींना मी राखीव कुणालाच ठेवत नाही, प्रत्येकीला प्रत्येक सामन्यात पाच मिनिटं तरी उतरवतो. त्यामुळे दोन सामने हरलो, मुख्याध्यापक रागावले.

स्पष्टवक्ती
दादा, तुमचं वाचून थांबले थोडी. माझ्या पाळीत एकवीस वर्षांचा एक मुलगा होता, तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं की परीक्षा झाली का. मला तेव्हा राग आला होता त्याचा. आज तुमचं वाचताना तो राग आठवला.

फातोर्डेकर
एक राहिलंच. २०२५ला गार्डनमध्ये बिग ईस्टची फायनल हेच दोघे खेळले ना? सेंट जॉन्स आणि क्रेटन, ८२–६६. म्हणजे उरलेला अर्धा झालाच की पुरा.

ओमाहाचा_विदर्भी
नाही झाला. त्यात २०२०चा एकही मुलगा नव्हता. आणि हरलो आम्ही, त्यामुळे माझ्यासमोर तो विषय काढू नका.

जर्सीकर_बापू
इथे मी विदर्भीच्या बाजूने. सेंट जॉन्सने २०००नंतर पहिल्यांदा ती स्पर्धा जिंकली याचा आनंदच आहे, पण जर्सीवरचं नाव तेच राहतं म्हणून आतला मुलगा तोच होत नाही.

स्पष्टवक्ती
बापू, जादा वर्ष द्यायला हवं होतं, हे मान्य. सामना सुरू करायला नको होता, यावर आपलं आधीपासून एकच आहे. बाकी काही मान्य नाही, आणि कालच्या पोस्टवाल्याला मी माफ केलेलं आहे.

त्या २०२५च्या फायनलला मी होते. तिकीट महाग होतं, तरी काढलं. मधल्या सुट्टीत आजूबाजूचे सगळे खायला आणायला उठले. माझ्या नवऱ्याने विचारलं, तुला काय आणू. मला उत्तर सुचेना. खेळाडू जिथून आत जातात त्या बोगद्याकडे बघत बसले होते. पंधरा मिनिटांनी पहिला मुलगा पळत बाहेर आला, मग दुसरा, मग बॉलचा आवाज सुरू झाला. तेव्हा नवऱ्याला म्हटलं, आता पाणी आण.